नऊ चमच्यांची मालगाडी

नवनाथ शिवशरण हा काही गावात नाव निघावं असा माणूस नव्हे. रेल्वेत गँगमन. सकाळी आठला नारिंगी जाकीट घालून रुळावर जायचं, दिवसभर उन्हात खडी ठोकायची, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या आवळायच्या आणि पाचला क्वार्टरवर परत यायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. बोलणं कमी. कुणी वाकडं बोललं तरी हा मान खाली घालून हसणार. अशा माणसाला बघायला गेल्या उन्हाळ्यात होटगीच्या फाटकावर लोक मोटारसायकली थांबवत होते, आणि त्या तमाशाला हातभार लावणाऱ्यांत मी पहिली होते. म्हणून हे मीच सांगितलेलं बरं.

मी विजयमाला. होटगीत सोळा वर्षं अंगणवाडी चालवते. लहानथोर सगळे ताई म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. न जेवणारी पोरं मी ढिगाने पाहिली आहेत. त्यातली निम्मी तर बिस्किटाने पोट भरलेली असतात. आई पुडा फोडून हातात देते आणि मग माझ्यापुढे येऊन डोळ्याला पदर लावते. अशा बायांना चार शब्द सुनावले की पोरं आपोआप जेवायला लागतात, असा माझा अनुभव होता आणि त्या अनुभवाचा मला फार गर्व होता.

नवनाथची बायको प्रतिक्षा पोरीला पहिल्यांदा वजनाला घेऊन आली तेव्हा पोर सव्वा वर्षाची होती. नाव बुद्धप्रिया. काट्यावर सहा किलो दोनशे ग्रॅम भरली. मी मोबाईलमध्ये वजन टाकलं, नावापुढे लाल खूण आली, आणि मी लगेच तोंड सोडलं.

"घरात बसून मशिनीवर युनिफॉर्म शिवतेस ना? मग पोरीला दोन घास घालायला वेळ नाही?"

प्रतिक्षाने पिशवीतून वाटी काढली. मऊ भात कालवलेला होता, वर तुपाचा थेंब. तिने चमचा पोरीच्या हनुवटीपाशी नुसता नेला. पोरीने मान फिरवली, दात आवळले, आणि चमचा ओठाला लागायच्या आधीच ओकली. आईच्या मांडीवर, माझ्या सतरंजीवर. प्रतिक्षाने खांद्यावरच्या टॉवेलने पुसून घेतलं. तो टॉवेल खांद्यावर कायमचा असतो हे मला तेव्हा कळलं.

"असं दिसातनं धा बारा वेळा होतं ताई," ती म्हणाली. "तुमी वरडा की. मला आता कशाचंच काय वाटंना झालंय."

बुद्धप्रिया सातव्या महिन्यात जन्मलेली. बेचाळीस दिवस शहरातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. दूध नळीने, कफ काढायचा तोही नळीने. बाहेरून नवनाथ बघायचा. आत पोर हाताने नळी उपसायला जायची आणि नर्स तिचे हात कापडात गुंडाळून ठेवायची. जगात आल्यापासून त्या पोरीच्या तोंडात जे जे गेलं ते तिला दुखवूनच गेलं. सात महिन्यांची असताना बुद्धपौर्णिमेला विहारात मामाने खिरीचं बोट लावलं, तर पोर काळीनिळी झाली आणि सगळ्यांच्या हातातल्या वाट्या तशाच राहिल्या.

घरात नवनाथची आई येसूबाई होती. तिचा इलाज आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांचा असतो तोच. पोर पायावर आडवं घ्यायचं, नाक चिमटीत धरायचं. श्वासासाठी तोंड उघडलं की बोंडल्याच्या चोचीतून पेज आत ओतायची. पोर घुसमटतं, गिळतं, रडतं आणि वाढतं. मीही तशीच वाढले असणार. येसूबाईने नवनाथलाही तसंच वाढवलं होतं, आणि नातीलाही तसंच पाजत होती.

एकदा नवनाथ ड्युटीवरून लवकर आला आणि ते त्याच्या नजरेला पडलं. त्याने आईच्या हातातून बोंडलं घेतलं आणि अंगणात लांब भिरकावून दिलं. मान खाली घालणारा तो माणूस त्या दिवशी शेजारच्या क्वार्टरला ऐकू जाईल असा बोलला.

"आई, परत हिच्या नाकाला हात लावलास तर मी हितं ऱ्हाणार न्हाय. हिला मी भरवतो. मारून न्हाय भरवणार. हसवून भरवीन."

आणि खरंच, त्या दिवसापासून भरवायचं काम त्याने घेतलं. लोकांनी चेष्टा केली. गँगमधले त्याला मावशी म्हणायला लागले. तो हसायचा. कामावरून आला की हातपाय धुवायचा, वाटी घ्यायचा, पोर काखेला मारायचा आणि बाहेर पडायचा. चिमण्या दाखव, शेळ्या दाखव, टॉवरचा लाल दिवा दाखव. तासाभरात दोन चमचे जायचे, त्यातला एक परत यायचा.

एप्रिलमध्ये पोर दीड वर्षाची झाली. वजन सहा किलो आठशे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं: पंधरा जूनपर्यंत साडेसात किलो, नाहीतर नाकातून नळी. त्याच दवाखान्यात गुरुवारी एक मॅडम बसायच्या, न गिळणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या. त्यांनी अगदी उलट सांगितलं. चमचा तिच्या हातात द्या. तिला सांडू द्या, माखू द्या. तिने स्वतः तोंडात घातलं तरच ते जेवण. वर्ष लागेल, कदाचित जास्त, पण फसवून एक घासही घालू नका.

नवनाथ दोन्ही कागद घेऊन अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसला.

"जयभीम ताई. एकजण म्हणतोय दोन म्हयने, एकजण म्हणतीया एक वरीस. मी कुणाचं ऐकू?"

"डॉक्टरचं," मी म्हणाले. मला विचार करायलाही वेळ लागला नाही. माझ्याकडे काटा आहे, लाल खूण आहे, दर महिन्याला सुपरवायझरचा फोन आहे. वर्षाची गोष्ट मी कुठे लिहू?

"मलाबी तसंच वाटतंय. ती नळी परत नको. बेचाळीस दिवस बघितलीया मी."

त्यानंतर आठवड्याभरात ते घडलं. संध्याकाळी तो पोरीला घेऊन फाटकाशी उभा होता. गेटमन सिद्धाराम त्याचा मित्र. त्याने फाटक टाकलं आणि कोळशाची मालगाडी आली. अट्ठावन्न डबे, वेग कमी, जमीन हादरत होती. बुद्धप्रिया बापाच्या काखेत ताठ झाली, डोळे मोठे केले आणि तिने तोंड उघडलं. आ करून पूर्ण उघडलं. बापाने त्या तोंडाचं टाळूपर्यंत दर्शन त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. हातात वाटी होतीच. त्याने चमचा अलगद आत ठेवला आणि काढून घेतला. पोरीने गिळलं. तिचं लक्षच नव्हतं. परत आ. परत चमचा. गार्डचा डबा गेला तोवर नऊ चमचे पोटात होते आणि एकही बाहेर आला नव्हता.

नवनाथ तिथून पळतच माझ्या घरी आला. रिकामी वाटी त्याने माझ्यापुढे उलटी करून दाखवली. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी त्याच्या तोंडात साखर घातली.

मग ते रोजचंच झालं. नवनाथने त्याचं शास्त्रच करून टाकलं. एक्सप्रेस कामाची नाही, फार लवकर संपते. डबे रिकामे असले तर आवाज जास्त आणि वेग जास्त. सगळ्यात उत्तम म्हणजे भरलेली मालगाडी, सिग्नलसाठी रेंगाळत येणारी. स्टेशनवरून फाटक टाकायचा फोन आला की सिद्धाराम केबिनमधून ओरडायचा, "बंतु, बंतु! आली रं नवन्या, भरल्याली हाय!" त्याचं कानडी आणि मराठी एकत्रच बाहेर पडायचं. नवनाथ चमचा भरून तयार. फाटकात अडकलेले लोक आधी रेल्वेला शिव्या द्यायचे, मग इकडे बघायचे, मग चमचे मोजायला लागायचे. नववा गेला की टाळ्या.

मी त्याचा व्हिडिओ काढला. सेविकांच्या ग्रुपवर टाकला. सुपरवायझर मॅडमनी लिहिलं, ‘अभिनव उपक्रम, वडिलांचा सहभाग, अभिनंदन.’ माता बैठकीत मी नवनाथचं उदाहरण दिलं आणि समोर बसलेल्या बायांना म्हणाले की तुमच्या नवऱ्यांना जरा त्या फाटकावर पाठवा. तीन आठवड्यांत पोर सात किलो शंभर झाली. आणखी दोन आठवड्यांनी सात किलो अडीचशे. येसूबाईसुद्धा म्हणाली, "माझ्या लेकाच्या हाताला गुण हाय की."

प्रतिक्षा तेवढी गप्प होती. मी तिला विचारलं, अगं, आता तरी हस. ती कॉलर शिवत होती, मान वर न करता म्हणाली, "झोपेत पाजलेल्या दुधाबिगर घरात अजून पाण्याचा थेंबबी घेत न्हाय ताई. गाडी गेली की तोंड बंद." मी तिला म्हणाले, तुला सगळं वाकडंच दिसतं.

सात अडीचशेवर काटा अडला. पोर वाटी ओळखायला लागली होती. वाटी दिसली की मान फिरवायची. मग नवनाथ वाटी पाठीमागे धरायला लागला. तेही तिला कळलं, तेव्हा त्याने वाटी जाकिटाच्या आत लपवली. गाडी यायची, पोर आ करायची, पण आता अर्धाच आ, आणि चमचा दिसायच्या आत मिटायचा. नवनाथचा हात चपळ होत गेला. पूर्वी तो चमचा ठेवायचा, आता तो घालत होता. मी दोन्ही वेळा तिथेच उभी होते आणि मला फरक दिसला नाही.

दिसला तो सिद्धारामला. तो म्हणाला, "नवन्या, पोरगी आता गाडी बघत न्हाय. तुझ्या हाताकडं बघती."

"नऊ दिस राह्यलेत सिद्धा," नवनाथ म्हणाला. "अडीचशे ग्रॅम."

नऊ दिवस मीही मोजत होते. त्याच संध्याकाळी मी त्याला म्हणाले, "हा चमचा केवढासा आहे रे. तोंड कमी वेळा उघडतंय ना, मग एका वेळेला जास्त जाऊ दे." आणि अंगणवाडीत खिचडी वाढायला ठेवलेल्या चमच्यांतला एक मी त्याला दिला. मी दिला. हे मी इथे दोनदा लिहिते आहे, कारण नंतर कुणीच मला त्यावरून बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरलेली मालगाडी आली. पोरीने इंजिनाकडे बघितलं, ओठ थोडे विलग झाले. नवनाथने मोठा चमचा घातला आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिनाने फाटकापाशी भोंगा दिला. रोजच देतं. पण त्या दिवशी पोर दचकली, आणि दचकताना तिने श्वास आत ओढला. खिचडी श्वासाबरोबर गेली. आवाज आला नाही. ती नुसती बघत राहिली आणि तिचे ओठ निळे पडले. सिद्धाराम केबिनमधून उडी मारून आला. त्याने पोर हिसकावून घेतली, हातावर पालथी घातली आणि पाठीत थापा मारल्या, तेव्हा कुठे थोडी खिचडी बाहेर पडून घरघरता श्वास सुरू झाला. पलीकडे अट्ठावन्न डबे चालूच होते, फाटक बंद होतं, आणि दवाखान्याचा रस्ता फाटकाच्या पलीकडे होता. गाडी संपेपर्यंत नवनाथ हात जोडून उभा होता. कुणापुढे, ते त्यालाही ठाऊक नसावं.

पोर जगली. छातीत अन्न गेल्यामुळे न्युमोनिया झाला, अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. वजन सहा किलो सहाशे. नाकातून नळी घातली, पंधरा जूनची वाट न बघता.

गुरुवारच्या त्या मॅडम वॉर्डात आल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नवनाथला म्हणाल्या, "तिने तोंड गाडीसाठी उघडलं होतं. जेवणासाठी नाही. तिला गाडी आवडायची. आता तिला कळलंय की आवडलेल्या गोष्टीकडे तोंड उघडून बघितलं की आत काहीतरी येतं. म्हणून तिने तेही बंद केलंय."

नवनाथ फरशीकडे बघत म्हणाला, "म्हंजी माझ्यात आन बोंडल्यात काय फरक न्हाय."

मॅडमनी काहीतरी सांगितलं, तुम्ही प्रेमानेच केलंत वगैरे. मीही त्यात माझं मिसळलं. म्हणाले, नवनाथ, मोठा चमचा माझा होता. तो म्हणाला, "हात माझा होता ताई." त्याने आमच्यापैकी कुणाचंच ऐकून घेतलं नाही आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं की निदान त्याने मला दोष दिला नाही. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

पोर घरी आली. आता प्रतिक्षा दर तीन तासांनी पिचकारीने नळीतून दूध सोडते. आधी नळी जागेवर आहे का ते बघते, मग हळूहळू दांडा दाबते, आणि तोपर्यंत पोर तिच्या मांडीवर कापडाच्या चिंध्यांशी खेळत असते. आईशी ती बोलते, हसते. आजीच्या पाठीवर बसते. पण बाहेर जाकिटाचा नारिंगी रंग दिसला की दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून धरते. नवनाथने जाकीट बाहेर काढून ठेवायला सुरुवात केली. मग शर्ट बदलून बघितला. मिशी काढली. दारात उभं राहून रिकामे हात पुढे करून दाखवले, उलटे केले, सुलटे केले. पोर तळहातांच्या वरून नुसती बघते. तो घरात असेपर्यंत हात खाली येत नाहीत. हात दुखले तरी येत नाहीत. मग प्रतिक्षाच म्हणाली, "तुमी जरा भाईर बसा. तिचं हात भरून आल्यात."

आणि गाड्या तर थांबत नाहीत. क्वार्टर रुळाला लागून. भोंगा वाजला की पोर आईच्या ओढणीत तोंड खुपसते. होटगी जंक्शन आहे, दिवसभरात गाड्या मोजायला बसलं तर माणूस दमून जाईल. नवनाथने बदलीचा अर्ज दिला आहे. साहेब म्हणाले, बघू. बदली होऊन तो कुठे जाणार? गँगमनला सगळीकडे रूळच.

मी मॅडमना फोन करून विचारलं, हे कधी सुटेल? त्या म्हणाल्या, वर्ष, दोन वर्षं. काहींचं सुटतं, काहींचं नाही. डॉक्टर म्हणतात, नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, पुढे पोटालाच छिद्र पाडून नळी बसवावी लागेल. नवनाथ ऐकतो आणि मान डोलावतो. पूर्वी तो मान खाली घालून हसायचा, आता नुसती खाली घालतो.

सप्टेंबरच्या वजनाला प्रतिक्षा पोरीला घेऊन आली. गालाला नळीची चिकटपट्टी, अंगात नवा फ्रॉक. आईनेच शिवलेला असणार. मी तिला काट्यावर बसवलं. बसताक्षणी पोरीने दोन्ही हात तोंडावर नेले. मला वाटलं, काट्याला घाबरली. काटा थांबला. आठ किलो शंभर. मी मोबाईलमध्ये आकडा टाकला आणि लाल खूण जाऊन पिवळी आली. आठ महिन्यांच्या हाणामारीनंतर पहिल्यांदा. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"ताई, किती भरली?"

नवनाथ बाहेर उभा होता. ड्युटी मध्येच सोडून आला असावा, घामाने भिजला होता. आत यायचं नाही हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. खिडकीच्या गजांतून त्याचा निम्माच चेहरा दिसत होता.

"आठ शंभर," मी म्हणाले. "पिवळ्यात आली रे पोर."

"आठ," तो म्हणाला. "आठ शंभर." त्याचे डोळे भरून आले. आम्ही दोघांनी त्या उन्हाळ्यात साडेसातसाठी जीव काढला होता. तो गज धरून पोरीकडे बघत राहिला, पोटभर बघायला मिळत असल्यासारखा. पोर त्याच्याकडेच बघत होती, तळहात तोंडावर, बोटं दाबून दाबून पांढरी पडलेली.

प्रतिक्षाने माझ्याकडे बघितलं. तिला ते बोलायचं नव्हतं. सोळा वर्षं कुणालाही काहीही सुनावणारी मी होते, म्हणून मीच बोलले.

"नवनाथ, खिडकीतनं जरा बाजूला हो."

तो बाजूला झाला. पोरीने हात खाली घेतले.